गोळी सोडू नका, चिठ्ठी द्या

ताई, तुम्ही बाईमाणूस, पण डॉक्टर आहात म्हणून लिहितो. वय ४८. चोपडा तालुक्यात शेती, केळी आणि कपाशी. मागच्या दिवाळीनंतर अटॅक आला, जळगावला स्टेंट टाकला. हार्टचं पंपिंग ३० टक्के सांगितलं. तेव्हापासून सात गोळ्या चालू आहेत, त्यात एक लघवीची. जूनमध्ये फवारणी करताना पंपाचा पट्टा छातीवर घासला आणि कळ मस्तकात गेली. रात्री चाचपून पाहिलं तर दोन्ही निपलखाली गाठ, उजवीकडची मोठी. आता शर्टातूनही दिसतं. पारावर पोरं म्हणतात, "काय आप्पा, तब्येत भलती सुधरनी तुमनी!" मी हसून घेतो. घरात उघड्या अंगानं बसणं सोडलं, उकडतं म्हणून सांगून ओसरीवर झोपतो. कानबाईच्या मिरवणुकीत नाचलो नाही. कुणी म्हणतं सोयाबीन खाल्ल्यानं होतं, कुणी म्हणतं केळीवरच्या औषधानं. मेडिकलवाला म्हणाला, लघवीच्या गोळीनं होतं कधी कधी. तेव्हापासून ती एक दिवसाआड घेतो. डॉक्टरांना सांगितलं नाही, बायकोलाही नाही. तुळशीच्या लग्नानंतर मोठ्या मुलाचं लग्न आहे, देवकाला उघड्या अंगानं बसावं लागेल. हा कॅन्सर तर नाही? ऑपरेशननं जाईल का? आणि माझ्या मुलांना तर होणार नाही ना?
— आप्पा (नाव छापू नये)

आप्पा,

सगळ्यात आधी गोळीचं बोलू, बाकीचं थांबू शकतं. आज दवाखान्यात फोन लावा आणि सांगा की लघवीची गोळी मी एक दिवसाआड घेतोय. ते म्हणतील तशी ती पुन्हा नियमित सुरू करा. ३० टक्के पंपिंग असलेल्या माणसानं ही गोळी मनानं कमी केली की अंगात पाणी साठायला लागतं. आधी पायाला मोजे घातल्यासारखा वळ उठतो, मग उताणं झोपलं की दम लागतो, मग रात्री उठून खिडकीशी बसावं लागतं. तोवर बऱ्याचदा ॲडमिट व्हायची वेळ आलेली असते. घरात वजनकाटा नसेल तर घ्या. रोज सकाळी लघवी-संडास झाल्यावर, चहाच्या आधी वजन करा आणि कॅलेंडरवर लिहा. तीन दिवसांत दोन किलोनं वाढलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता दवाखाना गाठा.

आता त्या मेडिकलवाल्याचं. त्यानं सांगितलं ते खरं असण्याची शक्यता मोठी आहे. फक्त पुढचं वाक्य त्यानं सांगायला हवं होतं, की म्हणून बंद करू नका, डॉक्टरला विचारा. आपल्याकडे "लघवीची गोळी" म्हणून जी दिली जाते ती पुष्कळदा दोन औषधांची जोडगोळी असते. तुमच्या स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरात बघा. लॅसिलॅक्टोन असेल तर त्यात फ्युरोसेमाइडबरोबर स्पायरोनोलॅक्टोन आहे, डायटर प्लस असेल तर टॉर्सेमाइडबरोबर स्पायरोनोलॅक्टोन. लघवी जोरात होते ती मुख्यतः पहिल्या औषधानं. छातीचा हा त्रास दुसऱ्याचा.

हे दुसरं औषध हृदयासाठी मात्र फार मोलाचं आहे. अशक्त हृदयाच्या रुग्णांत शरीर ॲल्डोस्टेरॉन नावाचं संप्रेरक (हार्मोन) जास्त बनवतं. ते मीठ-पाणी धरून ठेवतं आणि हृदयाच्या स्नायूत व्रण पाडतं. स्पायरोनोलॅक्टोन त्याला अडवतं. १९९९ साली 'रेल्स' या चाचणीचे निष्कर्ष आले. हृदय गंभीरपणे अशक्त झालेल्या १६६३ रुग्णांवर ती झाली होती, आणि या औषधानं मृत्यूचा धोका ३० टक्क्यांनी घटला. पण त्याच चाचणीत हे औषध घेणाऱ्या पुरुषांपैकी साधारण १० टक्क्यांना छाती वाढण्याचा किंवा दुखण्याचा त्रास झाला. नुसती खोटी, औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत तो १ टक्का होता. म्हणजे हे औषध घेणाऱ्या दहा पुरुषांत एक. चोपड्याच्या बाजाराच्या दिवशी हृदयाच्या ओपीडीत बसलेल्या गर्दीत तुमच्यासारखा शर्ट सैल करून बसलेला आणखी कुणीतरी असणारच. तोही बोलत नाही, एवढंच.

हे होतं कसं, ते थोडक्यात सांगते, म्हणजे सोयाबीनवरचा संशय जाईल. प्रत्येक पुरुषाच्या निपलखाली जन्मापासून थोडी स्तनग्रंथी असते आणि प्रत्येक पुरुषाच्या रक्तात थोडं बायकी संप्रेरकही असतं. पुरुषी संप्रेरक जोरात असतं तोवर ती ग्रंथी निजलेली राहते. जोताचे दोन बैल समजा. स्पायरोनोलॅक्टोनचा रेणू ॲल्डोस्टेरॉनला अडवता अडवता पुरुषी संप्रेरकाच्या जागेवरही जाऊन बसतो. त्या बैलाची ओढ कमी झाली की गाडी दुसऱ्या अंगाला वळते. ग्रंथी जागी होते, फुगते, दुखते. डोस जास्त तर त्रास जास्त. त्या चाचणीत सुरुवात २५ मिलिग्रॅमनं होती, आपल्याकडच्या जोडगोळ्यांत बऱ्याचदा ५० मिलिग्रॅम असतं. हाही मुद्दा डॉक्टरांसमोर ठेवण्यासारखा आहे.

घरच्या जेवणातल्या सोयाबीननं हे होत नाही. केळीवरच्या औषधाचं म्हणाल, तर फवारणी तुम्ही वर्षानुवर्षं करत असणार आणि गाठ आली ती गोळी सुरू झाल्यावर काही महिन्यांनी. (फवारणी करताना तोंडाला फडकं बांधता का, हा प्रश्न वेगळा. आणि हृदय ३० टक्क्यांवर असताना १६ लिटरचा भरलेला पंप पाठीवर घेऊन सऱ्यांमधून चालायची परवानगी तुम्हाला कुणी दिली, तेही मला जाणून घ्यायचंय. तो पंप आता मुलाकडे द्या.)

कॅन्सरची धास्ती तुम्ही पत्रात शेवटी घातलीय, पण रात्री झोप उडवणारी तीच असणार. एकूण स्तनांच्या कॅन्सरमध्ये पुरुषांचे रुग्ण १ टक्क्याहून कमी असतात. तुमची लक्षणंही त्या दिशेची वाटत नाहीत. तरी हात लावून बघा. उताणे झोपा, अंगठा आणि तर्जनी छातीच्या दोन कडांवर ठेवा आणि हळूहळू निपलकडे आणा. औषधानं आलेली ग्रंथी असेल तर निपलच्या बरोबर खाली, सगळीकडून सारखी, रबरासारखी लवचिक चकती हाताला लागते आणि दाबली की दुखते. बोटं निपलपर्यंत काहीच न लागता एकमेकांना भेटली तर ती नुसती चरबी. दोन्ही बाजू कमी-जास्त असणंही नेहमीचं आहे, त्यामुळे उजवीकडची मोठी म्हणून घाबरू नका. पण गाठ निपलपासून बाजूला असेल, दगडासारखी कडक आणि न दुखणारी असेल, कातडी आत ओढली गेली असेल, निपल आत वळलं असेल, रक्ताचा पाझर येत असेल, काखेत गाठ लागत असेल, तर डॉक्टर सोनोग्राफी आणि मॅमोग्राफी सांगतील. पुरुषाचीही मॅमोग्राफी होते. तिथं रांगेत बायका असतील, त्यानं काही बिघडत नाही.

हे माझं पत्रातून केलेलं निदान आहे, म्हणजे अर्धंच. छाती बघणारा डॉक्टर वृषणंही तपासेल, कारण तिथल्या गाठीनंही हे होऊ शकतं. यकृत, किडनी, थायरॉइड बघेल. दारू किती आणि किती वर्षं, हे विचारेल. तेव्हा "कधी कधी, पाहुणे आले तर" असं गुळमुळीत उत्तर देऊ नका. खराब झालेल्या यकृतानंही छाती वाढते आणि त्या रुग्णांना पोटातल्या पाण्यासाठी नेमकी हीच गोळी दिली जाते. दोन कारणं एकावर एक.

मग उपाय काय? या गोळीला एक भावंड आहे, एप्लेरेनोन. तेही ॲल्डोस्टेरॉनलाच अडवतं, पण पुरुषी संप्रेरकाच्या जागेवर फारसं जात नाही. अटॅकनंतर पंपिंग घटलेल्या साडेसहा हजारांहून जास्त रुग्णांवर त्याची 'इफेसस' ही चाचणी झाली, २००३ मध्ये निष्कर्ष आले. फायदा दिसला आणि छाती वाढण्याचं प्रमाण खोट्या गोळीइतकंच राहिलं. तुमचा आजार अगदी याच जातीचा. औषध महाग पडतं म्हणून डॉक्टर सुरुवातीला ते लिहीत नाहीत, त्यात त्यांचं फारसं चुकतही नाही, कारण दहातल्या नऊ पुरुषांना स्वस्त गोळी सोसते. पण दहावे तुम्ही आहात, हे तुम्ही सांगितल्याशिवाय त्यांना कळणार कसं?

इथंच सगळं अडलंय. तुम्ही तीनदा तरी तपासणीला गेला असाल. ओपीडीत टेबलाभोवती सहा जण उभे, कंपाउंडर पुढचं नाव पुकारतोय, दारात कुणाचीतरी सून बाळ घेऊन उभी. अशा खोलीत "डॉक्टर, माझी छाती वाढतेय" हे चोपडा तालुक्यातला ४८ वर्षांचा शेतकरी मोठ्यानं बोलणार नाही, हे मला कळतं. म्हणून बोलू नका. घरूनच चिठ्ठी लिहून न्या आणि ईसीजीच्या कागदाबरोबर टेबलावर ठेवा. मजकूर मीच देते:

"स्पायरोनोलॅक्टोन सुरू होऊन आठ-नऊ महिने झाले. जूनपासून दोन्ही निपलखाली दुखरी गाठ आहे, उजवी मोठी. त्यामुळे गोळी मी एक दिवसाआड घेत होतो. डोस कमी करता येईल का, किंवा एप्लेरेनोन चालेल का? पोटॅशियम आणि क्रिएटिनिन कधी तपासू?"

एवढ्या चार ओळी वाचायला डॉक्टरला अर्धं मिनिट लागेल. तो पडदा ओढून तपासेल. आणि "एक दिवसाआड घेत होतो" ही ओळ गाळू नका. ती वाचून तो रागावेल, रागावू द्या. ती कळली नाही तर वाढलेल्या सुजेवर तो आणखी एक गोळी चढवेल.

घाई का करायची, तेही सांगते. ग्रंथी नवी असते तेव्हा मऊ आणि दुखरी असते. याच काळात कारण काढून घेतलं तर ती मागे जाते. दुखणं काही आठवड्यांत उतरतं, आकार उतरायला काही महिने लागतात. पण साधारण वर्षभर तशीच राहिली की तिच्यात धागे धरतात. मग दुखत नाही, पण गोळी बदलूनही जात नाही. तुम्हाला जूनमध्ये कळलं, आता श्रावण. म्हणजे वेळ हातात आहे. लाजेपायी दिवाळी, संक्रांत, अक्षय्यतृतीया अशी एकेक तारीख पुढे गेली तर मात्र तुम्ही विचारलेल्या ऑपरेशनशिवाय मार्ग उरणार नाही.

ऑपरेशन होतं. निपलभोवतीच्या काळसर भागाच्या कडेला छोटा छेद घेऊन ग्रंथी काढतात, चरबी असेल तर ती नळीनं ओढून घेतात. मोबाईलवर त्याच्या जाहिराती तुम्हाला दिसत असतीलच, "एका दिवसात घरी". तुमच्यासाठी ते आत्ता नाही. स्टेंटला वर्ष व्हायचंय. त्या वर्षात रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या थांबवल्या तर स्टेंट बंद पडण्याची भीती असते, आणि न थांबवता कापलं तर रक्त लवकर थांबत नाही. शिवाय मूळ गोळी चालू ठेवून ग्रंथी काढण्यात अर्थ नाही, राहिलेली ग्रंथी पुन्हा वाढू शकते. गोळी बदलून बरेच महिने थांबायचं, तरीही उरलं आणि मनाला खुपत असलं, तर हृदयाच्या डॉक्टरची परवानगी घेऊन मग बघायचं. काही रुग्णांत सुरुवातीच्या काळात टॅमॉक्सिफेन नावाची गोळी देतात. पण ती रक्ताच्या गुठळ्या वाढवू शकते, त्यामुळे स्टेंटवाल्यानं ती दुसऱ्याच्या कागदावरून उचलायची नाही.

लेप, तेल, शिलाजित आणि "ताकदीचं इंजेक्शन" यांच्या नादी लागू नका. शेवटचं तर उलटं काम करतं. बाहेरून टोचलेल्या पुरुषी संप्रेरकाचा काही भाग शरीरात बायकी संप्रेरकातच बदलतो. जिममध्ये सुया घेणाऱ्या पोरांची छाती यामुळेच वाढते. जोर-बैठकांनीही ग्रंथी जात नाही, तो स्नायू नव्हे.

आता केळीबद्दल, कारण तुम्ही केळीवाले. स्पायरोनोलॅक्टोन असो की एप्लेरेनोन, दोन्ही रक्तातलं पोटॅशियम वाढवतात. ते फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात आणि बहुतेकदा आधी काही जाणवत नाही. एका मध्यम केळ्यात ४०० मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असतं. एखादं केळं खाल्ल्यानं काही होत नाही, पण कटाईच्या दिवशी बागेत उभ्यानं पाच-सहा पिकली केळी खायची सवय असेल तर ती मोडा. नारळपाणी रोज नको. "हृदयासाठी चांगलं" म्हणून विकलं जाणारं कमी सोडियमचं मीठ तर अजिबात नको, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम भरलेलं असतं. नेहमीचंच मीठ, पण कमी. शेवभाजीचा रस्सा, पापड, लोणचं यांच्यावर हात आखडता घ्या. भरीत खा, फक्त मिठाचा हात बघून. रक्ताची तपासणी (पोटॅशियम आणि किडनीसाठी क्रिएटिनिन) गोळी बदलल्यावर आठवड्याभरात, मग महिन्यानं आणि पुढे तीन-चार महिन्यांनी करायची असते. कंबर धरली म्हणून डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन किंवा आयब्रुफेन घेऊ नका. किडनी आणि पोटॅशियम दोन्ही बिघडतात, पाणीही धरतं.

आणखी एक, कुणी सांगत नाही म्हणून. आपल्याकडच्या घामात जांघेत गजकर्ण उठतं आणि माणूस मेडिकलमधून इट्राकोनॅझोलचा कोर्स घेऊन येतो. तुम्ही घेऊ नका. ती गोळी अशक्त हृदयाला घातक आहे आणि एप्लेरेनोनबरोबर तर तिला मनाईच आहे. केटोकोनॅझोलची गोळी तशीच, तीही स्वतः छाती वाढवणारी. मलम लावा, दाखवून घ्या.

ओसरीवरून घरात या. बायकोला सांगा. तिनं पाहिलेलं असणार, आप्पा. तुमचे शर्ट ती धुते, अंगावर बनियनवर बनियन कधीपासून चढलं ते तिला माहीत आहे. तुम्ही वेगळे झोपू लागलात याचा तिनं काय अर्थ लावला असेल, याचा विचार करा. बहुधा तिला वाटत असेल की छातीत पुन्हा दुखतंय आणि हे लपवताहेत. तुम्ही "संसाराचं" काही विचारलं नाहीत, तरी मी सांगते, कारण याच गोळीनं इच्छा आणि ताठरपणा कमी होऊ शकतो. बीपीच्या गोळीनं होतं, साखरेनं होतं, अटॅकच्या भीतीनंही होतं. हेही चिठ्ठीच्या मागच्या बाजूला लिहा. पण मेडिकलमधून ताठरपणाची निळी गोळी आणू नका. छातीत दुखलं की जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवणाऱ्या माणसानं ती घेतली तर बीपी एकदम खाली जातं आणि जीव जाऊ शकतो.

रोजच्या वावरासाठी सांगते. दुखतंय तोवर सुती, अंगाबरोबरचं बाह्यांचं बनियन घाला, म्हणजे निपल कापडावर घासणार नाही. वर गडद रंगाचा, दोन खिशांचा, जरा जाड कापडाचा शर्ट. छाती आवळणारी बनियनं ऑनलाइन मिळतात, समारंभात दोन तास घालायला ठीक, पण दम लागणाऱ्या माणसानं दिवसभर छाती आवळून घेऊ नये. आपल्या उन्हाळ्यात तर नाहीच.

पारावरच्या पोरांना एकदा सरळ सांगून टाका: "हार्टची गोळी आहे बाप्पा, तिनं झालंय, बदलून घेतोय." ज्या गोष्टीचं कारण माहीत झालं तिच्यावर फार दिवस हसता येत नाही. त्यातल्याच कुणाचा तरी काका महिन्याभरात तुम्हाला बाजूला घेऊन विचारेल. त्यालाही चिठ्ठीचा मजकूर द्या. मात्र सांगायचं मन होत नसेल तर सांगू नका, तुम्ही कुणाला बांधील नाही. आणि मिरवणुकीला न जाणं, वेगळं झोपणं, हसून वेळ मारून नेणं हे छातीपुरतं न राहता सगळ्यातूनच मन उडालं असेल, तर अटॅकनंतर असं पुष्कळांना होतं. १४४१६ या टेली-मानसच्या, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या नंबरवर मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत, नाव सांगायची सक्ती नाही.

देवकाचं मात्र तुम्ही उगाच मनावर घेतलंय. सदरा घालून वर उपरणं घ्या. हल्ली निम्मे वरबाप तसेच बसतात आणि नोव्हेंबर-डिसेंबरात सकाळी थंडीही असते. भटजींना आदल्या दिवशी "हार्टचा पेशंट आहे, गारठा चालत नाही" एवढं सांगितलं तरी पुरे. खोटंही नाही ते.

मुलांना होणार का? तुमच्याकडून नाही. औषधाचा त्रास वारशानं जात नाही. धाकटा तेरा-चौदा वर्षांचा असेल आणि त्याच्या निपलखाली गाठ लागत असेल तर ते वयात येण्याचं आहे. निम्म्याहून जास्त मुलांना होतं आणि बहुतेकांचं सहा महिने ते दोन वर्षांत आपोआप जातं. त्याला शाळेत चिडवत असतील तर तुमच्याइतकं नीट कोण समजावणार? मोठा जिमला जात असेल तर त्याच्या पिशवीत काय आहे ते बघा.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी दोन ओळी. प्रोस्टेटसाठी फिनास्टराइड, ड्युटास्टराइड किंवा बायकॅल्युटामाइड, मनाच्या आजारासाठी रिस्पेरिडोन, हृदयासाठी डिगॉक्सिन, पित्तासाठी जुनी सिमेटिडिन, यांतली कुठलीही गोळी चालू असताना छाती दुखू-वाढू लागली तर हेच लागू: मनानं थांबवायची नाही, लिहून दाखवायची. अशा त्रासाची नोंद सरकारकडेही करता येते. १८००-१८०-३०२४ हा औषधांच्या दुष्परिणामांचा मोफत नंबर आहे, रुग्ण स्वतः फोन करू शकतो. नेहमीचा डॉक्टर ऐकूनच घेत नसेल तर जळगावचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, धुळ्याचं श्री भाऊसाहेब हिरे महाविद्यालय आहे. तिथल्या मेडिसिनच्या ओपीडीत सगळ्या स्ट्रिपा पिशवीत घालून जा, नुसता कागद नको.

आप्पा, गोळी बदलून मिळाली की एक गोष्ट तिथंच टेबलावर विचारून घ्या. तुमची जुनी गोळी जोडगोळी असेल तर ती बंद झाल्यावर लघवीचं औषधही त्याबरोबर जातं. ते वेगळं लिहून दिलंय का, ते बघा. आणि घरी उरलेली जुनी स्ट्रिप "पैसे गेलेत" म्हणून संपवायला घेऊ नका. जुनी आणि नवी एकत्र गेली तर पोटॅशियम झपाट्यानं चढतं. स्ट्रिप फोडलेली नसेल तर मेडिकलवाला परत घेतो का विचारा, नाहीतर डब्यातून काढून टाका.